टर्कीसाठी २० गेज: नऊ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत घेतलेली बंदूक, आता नोव्हेंबर संपत आलाय. मधल्या काळात जंगली टर्की पक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला तीन आठवड्यांचा हंगाम झाला, ऑक्टोबरचा हंगाम झाला, आणि नेम तपासायला कागदावर म्हणाल तर नव्वदेक बार काढून झाले. आता लिहायला हरकत नाही.

मी अमेरिकेत, मिसूरी राज्यातल्या कोलंबिया शहराजवळ राहते. उंची ५ फूट २ इंच. उंची सांगते कारण बंदूक निवडताना सगळं घोडं तिथेच अडलं होतं. कंपनीचं नाव देत नाही. २० गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, पुढे सांगते), २२ इंची नळीची, ३ इंची काडतूस घेणारी पंप बंदूक, म्हणजे पुढची पकड मागे-पुढे ओढून काडतूस भरायची छर्‍यांची बंदूक, तीन-चार कंपन्या बनवतात, आणि मला सांगायचंय ते या प्रकाराबद्दल.

याआधी माझ्याकडे १२ गेज होती. आजोळ सिंधुदुर्गातलं, तिथे रानडुकरं हाकायला ठेवलेली ठासणीची बंदूक लहानपणी भिंतीवर पाहिलेली, आणि गावात खरी बंदूक म्हणजे 'बारा बोअर', हीच १२ गेज. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंदच, त्यामुळे त्यापुढचं ज्ञान शून्य. इथे हंटर एज्युकेशनचा, म्हणजे नव्या शिकार्‍यांसाठीचा कोर्स केला आणि दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने साडेतीन इंची काडतुसाची, पावणेआठ पौंडांची १२ गेज हातात दिली. टर्की चिवट पक्षी, मोठंच काडतूस लागतं, म्हणाला. मी मान डोलावली आणि घेतली.

दोन हंगाम ती वापरली. तिच्यात वाईट काही नव्हतं, ती माझ्या मापाची नव्हती एवढंच. बहुतेक बंदुकांचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत १४ इंचांच्या आसपास असतो. माझ्या हाताला साडेबारा लागतो. दस्ता लांब पडला की तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडाकडे सरकतो, गाल नीट टेकत नाही, आणि साडेतीन इंची काडतुसाचा धक्का थेट हाडावर येतो. कॉलरबोनखाली आठवडाभर जांभळा डाग असायचा. डागापेक्षा वाईट म्हणजे शरीर शहाणं होतं: चाप ओढण्याच्या आधीच डोळे मिटायला लागले, खांदा मागे जायला लागला. ही सवय लागायला दहा बार पुरतात, जायला वर्ष लागतं. माझी अजून पूर्ण गेलेली नाही.

शेजारी एक निवृत्त सुतार आजोबा आहेत, चाळीस वर्षं टर्कीमागे फिरलेले. त्यांनी मला पत्र्याच्या शेडमागे उभं केलं, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली, मग डोळे उघडायला सांगितले. समोरची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी, दिसतच नव्हती, दिसत होता नळीचा मागचा भाग. म्हणाले, बंदूक बदल.

गेजचा आकडा उलटा चालतो हे नवीन माणसाला आधी सांगायला हवं. नळीच्या व्यासाच्या शिशाच्या १२ गोळ्या मिळून एक पौंड होत असेल तर ती १२ गेज, २० गोळ्या लागत असतील तर २० गेज. म्हणजे २० ची नळी बारीक. पूर्वी टर्कीसाठी २० गेज म्हणजे मुलांची बंदूक समजत, आणि शिशाच्या छर्‍यांपुरतं ते बरोबरही होतं, कारण काडतुसात छर्रे कमी मावायचे. चित्र बदललं टंगस्टनमुळे. टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) म्हणून जे छर्रे मिळतात त्यांची घनता १८ च्या आसपास, शिशाची ११. छर्‍यांचाही नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक: ९ नंबरचा टंगस्टनचा छर्रा मोहरीच्या दाण्याएवढा, जेमतेम २ मिलिमीटर, पण आत घुसण्यात ३ मिलिमीटरच्या ५ नंबरच्या शिशाच्या छर्‍याला ऐकत नाही. दाणा लहान म्हणून एका काडतुसात कितीतरी जास्त मावतात. टर्कीवर नेम धरायचा तो डोक्यावर आणि मानेवर, अंगावर नाही. तेवढ्याशा जागेत भरपूर छर्रे पोचवायचे, एवढंच काम. मिसूरीत ४ नंबर किंवा त्याहून बारीक छर्रेच चालतात, त्यामुळे ९ नंबर नियमातही बसतो.

हे सगळं वाचून कळलं होतं. पटलं मात्र कागदावर.

मार्चमधल्या एका रविवारी शेजारच्या शेतात ४० यार्डांवर पुठ्ठ्याला पांढरा कागद लावला. प्रमाण असं की ४० यार्डांवर १० इंच व्यासाच्या वर्तुळात किमान १०० छर्रे बसले पाहिजेत. माझ्या पोळीच्या डब्याचं झाकण नेमकं १० इंचांचं आहे. ते कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. आधी शिशाची ६ नंबरची काडतुसं: वर्तुळात ७१. तीच काडतुसं ३० यार्डांवर: ११८. मग टंगस्टन, ९ नंबर, दीड औंस: १८७. मोजताना प्रत्येक भोकावर पेनाचा ठिपका देत गेले, नाहीतर गोंधळ होतो. दुसर्‍या कागदावर १९३ आले. आणि दोन्ही कागदांवर गर्दी मधोमध नव्हती, चार बोटं वर आणि जरा उजवीकडे होती. नेम मधोमध धरला होता, हात स्थिर होता, बंदूक सँडबॅगवर होती. म्हणजे नळीच तिकडे टाकते. हे कागदावर बार काढल्याशिवाय कोणालाही कळणार नाही, कितीही महाग बंदूक असो.

म्हणून रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारं नेमाचं साधन, बसवला. साध्या माशीला असा फरक काढता येत नाही, रेड डॉटला दोन स्क्रू फिरवून काढता येतो. तीन बारांत गर्दी झाकणाच्या मधोमध आली.

चोकबद्दलही थोडं. चोक म्हणजे नळीच्या तोंडात बसवायचा, छर्‍यांचा फैलाव आवळणारा तुकडा. बंदुकीसोबत आलेला चोक बरा होता. मी दुकानातून त्याहून आवळ चोक आणला, कारण आवळ म्हणजे चांगला अशी माझी समजूत. त्याच्यात टंगस्टन उलट विस्कटलं, वर्तुळात १३० च्या घरात. परत मूळचा लावला. टंगस्टन कठीण असतं, चोकवर ते चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय वापरू नये.

आता रानातलं. हंगाम सुरू झाल्यावर तिसर्‍या दिवशी सव्वापाचला मी ओकच्या झाडाला पाठ लावून बसले होते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढायला परवानगी असते. रेडबडच्या फुलांचा गुलाबी रंग अजून अंधारातच होता. एक घुबड ओरडलं आणि त्याला उत्तर म्हणून दरीपलीकडच्या झाडावर झोपलेल्या नराने गॉबल केलं, म्हणजे त्याची ती आरोळी दिली. मी पाटीवर (छोटी पाटी, तिच्यावर काडी घासून आवाज काढायचा) दोनदा मादीचा आवाज काढला आणि गप्प बसले. तो झाडावरून उतरला, गप्प झाला, आणि पाऊण तासाने डावीकडच्या उतारावर त्याचं पांढुरकं डोकं दिसलं. तिथून तो माझ्या टप्प्यात यायला वीस-बावीस मिनिटं लागली. टर्कीची नजर अशी की पापणी हलली तरी कळावी. तेवढा वेळ बंदूक गुडघ्यावर टेकवून, गाल दस्त्यावर ठेवून, निश्चल. आधीची पावणेआठ पौंडांची बंदूक मी अशी दहा मिनिटं धरू शकत नव्हते, नळी थरथरायला लागायची. ही रेड डॉटसकट सहा पौंडांच्या जरा वर आहे. हात अवघडला, पण थरथरला नाही. ३१ यार्डांवर त्याने मान उंच केली. बार. जागेवर पडला. २१ पौंडांचा नर, छातीवर लोंबणारी दाढी साडेनऊ इंची. रात्री दहाच्या आत टेलिचेकवर, म्हणजे राज्याच्या शिकार-नोंदणी सेवेवर, नोंद करावी लागते, ती गाडीतूनच केली.

धक्का जाणवला का? त्या क्षणी नाही. पण कागदावर बार काढताना जाणवतोच, हे लपवत नाही. हलकी बंदूक आणि दीड औंसाचं काडतूस, धक्का सणसणीत बसतो. फरक हा की दस्ता मापाचा असल्यामुळे तो खांद्याच्या मांसल भागावर बसतो आणि डाग पडत नाही. सरावाला मी पावणेतीन इंची हलकी काडतुसं वापरते. टंगस्टन फक्त नेम बसवायला आणि शिकारीला.

दुसर्‍या आठवड्यात चुकले. नर मागून आला आणि १२ यार्डांवर उभा राहिला. इतका जवळ, की चुकणं शक्य नाही असं वाटलं, आणि मी घाईत गाल उचलला. बार त्याच्या डोक्यावरून गेला. घरी येऊन १२ यार्डांवर कागद लावला तर छर्‍यांचा सगळा पुंजका पुरीएवढा. ४० यार्डांवर पोळी, १२ वर पुरी. लांबचा टप्पा मिळवण्यासाठी नळी इतकी आवळली की जवळ ती जवळजवळ एका गोळीसारखी वागते. मी ४० वर बारा कागद फाडले होते, १२ वर एकही नाही. ही चूक माझी, बंदुकीची नव्हे. आता कोणी विचारलं तर पहिला कागद १५ यार्डांवर लावायला सांगते.

तक्रारी आहेत. सेफ्टीचं बटण चापाच्या मागे आडवं आहे आणि दाबलं की टक्क आवाज होतो. शांत पहाटे मला वाटतं तो आवाज पार बाहेरगावी ऐकू जाईल. अंगठा आणि बोट दोन्ही बाजूंनी धरून हळू सरकवलं तर आवाज जवळजवळ जातो, पण थंडीत हातमोज्यातून जमत नाही. काही बंदुकांवर, जशी मॉसबर्ग ५००, सेफ्टी वर अंगठ्याखाली असते. पुढच्या वेळी मी ते नक्की बघेन. पंपाची पुढची पकड खुळखुळते. ऑक्टोबरात आठ दिवस वाळक्या पानांतून फिरले, बार एकही काढला नाही, पण तो खुळखुळाट प्रत्येक पावलाला सोबत होता. जुन्या लोकरी मोज्याची पट्टी आत सारली, थांबला. मेमध्ये दोन दिवस पावसात भिजली आणि मी आळस केला. चोक नळीत असा गंजून बसला की काढायला तेल टाकून रात्रभर ठेवावा लागला. आता दर वेळी आट्यांना ग्रीस. रंगाचा पापुद्रा पकडीजवळ सुटायला लागलाय, त्याचं मला काही वाटत नाही. रेड डॉटच्या काचेवर दव बसतं आणि ठिपका फुटून तारा होतो. खिशात सुती फडकं ठेवते.

खर्च मोठा आहे. टंगस्टनच्या पाच काडतुसांच्या डबीला मी ५० डॉलरच्या वर मोजले. हंगामात लागतात दोन, नेम बसवायला गेली सात. परवडत नसेल तर शिशाची काडतुसं घ्या आणि टप्पा ३० यार्डांवर आणा. माझ्या ११८ छर्‍यांच्या कागदावरून सांगते, ३० वर ती काही कमी नाहीत. बंदूक आणि काडतुसांवर उत्पादकाच्या विक्री किमतीच्या ११ टक्के केंद्रीय कर असतो, १९३७ च्या कायद्याने तो मुख्यतः वन्यजीवांसाठी जातो. हे मला खरंच मोलाचं वाटतं, कारण मिसूरीतून टर्की जवळजवळ संपली होती. १९५४ पासून ओझार्कच्या डोंगरांतल्या पेक रँच या रानातून जाळ्याने पक्षी पकडून नव्या रानांत सोडले, आणि १९६० मध्ये तीन दिवसांचा पहिला हंगाम झाला. ज्या दरीत माझा नर ओरडला तिथले पक्षी कोणीतरी खोक्यातून आणून सोडलेल्यांचे वंशज असतील.

बंदुकीशी थेट संबंध नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही: वसंतात अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको. नराच्या डोक्याचे तेच रंग. माझा लाल रुमाल गाडीतच राहतो. गॉबलच्या दिशेने दबकत जायचं नाही, तो आवाज दुसर्‍या शिकार्‍याचाही असू शकतो. दुसरा माणूस दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्याने बोलायचं. आणि मारलेला पक्षी नारिंगी पिशवीतून आणायचा.

नेम डोक्यावर असल्यामुळे मांसात छर्रे जवळजवळ नसतात. तरी तंगडीच्या रश्शात एक टंगस्टनचा दाणा निघाला, तो दाढेखाली आला असता तर दाढ गेली असती. वाढण्याआधी मांस बोटांनी चाचपून घ्या. तंगड्या कुकरमध्ये गावठी कोंबडीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त घेतात.

दस्त्यात दोन पट्ट्या आहेत, त्या काढल्या की तो १२ इंचांवर येतो. मुलगी मार्चमध्ये ११ वर्षांची होईल, म्हणजे कोर्सला बसता येईल. परवा तिला रिकामी बंदूक दिली, शेडमागे उभं केलं, डोळे मिटून खांद्याला लावायला सांगितलं. डोळे उघडल्यावर काय दिसतं विचारलं. म्हणाली, ठिपका, बरोब्बर मध्ये.