मुंबई–नागपूर विमानातील सुरक्षा सूचना: चार मिनिटांच्या एका सेवेचे परीक्षण

विमानप्रवासाविषयी अभिप्राय लिहिताना लोक खुर्चीपुढची जागा, सुटण्याची वेळ, पाणी ओतून तयार होणाऱ्या उपम्याची चव आणि पट्ट्यावर बॅग यायला लागलेला वेळ यांविषयी भरभरून लिहितात. तिकिटाच्या पैशांतच मिळणाऱ्या एका सेवेची मात्र कोणी दखल घेत नाही. ती सेवा म्हणजे विमान धावपट्टीकडे सरकत असताना कर्मचारी करून दाखवतात ते सुरक्षेचे प्रात्यक्षिक. गेल्या महिन्यात मुंबईहून नागपूरला जाताना मी मोबाइल खिशात ठेवून ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले आणि हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे.

विमान एअरबस ए३२० होते आणि माझी जागा १९व्या रांगेत, मधल्या वाटेला लागून होती. सूचना आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत झाल्या. इंग्रजी सूचना इतक्या वेगाने वाचल्या गेल्या की वाचणाऱ्यालाच त्या संपवण्याची घाई असावी असे वाटले. प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या विमानसेविकेचे हात मात्र नेमके आणि शांतपणे चालत होते. विमान महाराष्ट्रातून सुटून महाराष्ट्रातच उतरणार होते, तरी मराठीत एक वाक्यही कानावर पडले नाही. याचा परिणाम लगेच शेजारच्या खुर्चीवर दिसला. मुलाकडे राहून वर्ध्याला परत निघालेल्या आणि त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसलेल्या काकूंनी मला हळूच विचारले, “काहो भाऊ, ते पिवळं जाकीट आताच घाला लागते का?”

काकूंचा प्रश्न भाबडा वाटेल, पण त्याच्या उत्तरावर माणसांचे जीव गेलेले आहेत. लाइफ जॅकेट विमानातून बाहेर पडतानाच फुगवावे, आत फुगवू नये, हे वाक्य सूचनांमध्ये एका श्वासात येऊन जाते आणि त्यामागचे कारण कोणी सांगत नाही. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेले इथिओपियन एअरलाइन्सचे बोइंग ७६७ इंधन संपल्यामुळे कोमोरोस बेटांजवळ समुद्रात आदळले. त्यातील १७५ जणांपैकी १२५ जण दगावले. अनेकांनी जॅकेट आतच फुगवलेले होते. पाणी आत शिरल्यावर फुगलेल्या जॅकेटने माणूस वर उचलला जातो आणि पाण्याखाली गेलेल्या दरवाज्यापर्यंत त्याला बुडी मारता येत नाही. एवढे एक वाक्य सूचनेला जोडले, तर ती ऐकणाऱ्याच्या कायमची लक्षात राहील.

नागपूरच्या वाटेवर समुद्र कुठून येणार, ही थट्टाही मागच्या रांगेतून ऐकू आली. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेकडे उडालेले विमान काही क्षणांत जुहू-वर्सोव्याचा किनारा ओलांडून अरबी समुद्रावर जाते आणि त्यानंतर पूर्वेकडे वळते, हे थट्टा करणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेले यूएस एअरवेजचे विमानही शार्लटला, म्हणजे जमिनीवरूनच, जाणार होते. पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने निकामी झाली आणि उड्डाणानंतर पाच-सहा मिनिटांतच ते हडसन नदीत उतरवावे लागले. विमानातील सर्व १५५ जण वाचले. परंतु नंतरच्या अधिकृत चौकशीत सुमारे ७० टक्के प्रवाशांनी प्रात्यक्षिक पाहिलेच नव्हते असे आढळले, आणि जॅकेटचा कमरेचा पट्टा स्वतः नीट बांधल्याचे सांगणारे अवघे चार निघाले.

ऑक्सिजन मास्कविषयीच्या सूचना स्पष्ट होत्या: मास्क जोराने ओढा, नाक आणि तोंड दोन्ही झाका, आधी स्वतः लावा आणि मग इतरांना मदत करा. शेवटचा भाग ऐकून काकूंनी नापसंतीने मान हलवली, कारण लेकराआधी आपण मास्क लावायचा हे कोणत्याही आईला पटण्यासारखे नाही. पण ३५ हजार फुटांवर हवेचा दाब गेला, तर माणसाची शुद्ध जेमतेम अर्धा ते एक मिनिट टिकते. तेवढ्या वेळात लेकराच्या डोक्यात मास्क अडकवण्याची खटपट करता करता आईच बेशुद्ध पडली, तर पुढे दोघांनाही कोण पाहणार? ‘नाक आणि तोंड’ हे शब्दही उगाच नसतात. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीच्या विमानात इंजिन फुटल्यानंतर प्रवाशांनीच काढलेल्या छायाचित्रांत कित्येकांनी मास्क फक्त तोंडावर धरलेला दिसतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात हवेच्या दाबाची यंत्रणा सुरू करायची राहून गेली, मास्क खाली आले आणि अनेकांच्या नाका-कानातून रक्त आले.

या सेवेतील सर्वांत मोठी उणीव सामानाविषयीची आहे. संकटात विमान सोडताना बॅग घेऊ नका, हे इतक्या मवाळपणे सांगितले गेले की ती केवळ विनंती वाटावी. पूर्ण भरलेले विमान निम्म्याच दरवाज्यांतून ९० सेकंदांत रिकामे करता येते, हे दाखवल्याशिवाय त्या प्रकाराच्या विमानाला मान्यता मिळत नाही, आणि त्या हिशेबात वरच्या कप्प्यातून बॅगा काढणारी माणसे धरलेली नसतात. ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुअनंतपुरमहून गेलेले एमिरेट्सचे विमान दुबईत धावपट्टीवर आदळून पेटले, तेव्हाच्या आतील चित्रफितीत धुरामध्येही लोक कप्पे उघडताना दिसतात. आतील ३०० जण वाचले, पण आग विझवताना अग्निशमन दलाचा एक जवान मरण पावला. याच्या उलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या जळत्या ए३५० मधून, आठपैकी तीनच दरवाजे वापरता येत असताना, सर्व ३७९ जण बाहेर पडले. त्यांच्या हातांत बॅगा जवळजवळ नव्हत्याच.

जे सर्वांत चांगले होते, ते दुर्दैवाने मोजक्याच प्रवाशांच्या वाट्याला आले. पंखांवरच्या दरवाज्यांजवळ, म्हणजे १२व्या आणि १३व्या रांगेत, बसलेल्यांशी विमानसेविका समोरासमोर बोलली, दरवाजा कधी उघडायचा आणि त्याआधी बाहेर आग आहे का हे खिडकीतून कसे पाहायचे ते तिने समजावले, आणि प्रत्येकाकडून तोंडी होकार घेतला. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी खिडक्यांच्या झडपा उघड्या का ठेवायला लावतात, हे त्यामुळे त्या रांगांना कळले असेल. बाकीच्यांना ती शिस्तीची कटकटच वाटत राहिली.

एअर इंडियाने २०२४ मध्ये भरतनाट्यम, कथक, ओडिसी, घूमर अशा नृत्यप्रकारांतून याच सूचना देणारी देखणी चित्रफीत आणली. लावणी त्यात नाही, हा सल बाजूला ठेवला तरी मला ती पाहताना सूचनेपेक्षा नाचच अधिक लक्षात राहिला. त्या मानाने वाटेत उभे राहून बक्कल उघडून दाखवणारी विमानसेविका मला जास्त उपयोगी वाटते.

या सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. एक गुण मराठीच्या अभावासाठी कापला आहे आणि अर्धा इंग्रजीच्या वेगासाठी. आपल्या जागेपासून जवळच्या दरवाज्यापर्यंतच्या रांगा मोजून ठेवा, म्हणजे धुरात काही दिसेनासे झाले तरी खुर्च्या चाचपत जाता येईल, हे कोणी सांगितले नाही; मी मात्र मोजल्या, आणि पुढचा दरवाजा सहा रांगांवर निघाला. परतीच्या प्रवासात त्याच कंपनीने ए३२१ विमान दिले. त्यातील दरवाज्यांची मांडणी वेगळी असल्यामुळे समोरच्या खुर्चीच्या खिशातले सुरक्षा सूचनांचे कार्ड काढून मला पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.