रक्तवाहिन्यांची नवनिर्मिती मोजण्यासाठी कोणती चाचणी निवडावी?

कर्करोगाच्या गाठीची वाढ नव्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते, हा विचार अमेरिकी शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. तेव्हापासून या वाहिन्या मोजण्याच्या अनेक पद्धती पुढे आल्या. एखादा अर्क किंवा संयुग तपासू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रामुख्याने तीन चाचण्यांतून निवड करावी लागते.

सर्वांत जलद चाचणी नलिकानिर्मितीची. मानवी नाळेच्या शिरेतील एंडोथेलियल पेशी (वाहिनीचे आतले अस्तर बनवणाऱ्या पेशी) मॅट्रिजेल या प्रथिनयुक्त जेलवर सोडल्या, की काही तासांतच त्या एकमेकींना जोडून नळ्यांसारखी जाळी विणतात आणि तिच्या फांद्या व सांधे सॉफ्टवेअरने मोजता येतात. मॅट्रिजेल मात्र बर्फावरच हाताळावे लागते, कारण थंड न केलेल्या पिपेटच्या टोकातही ते घट्ट होऊ लागते. शिवाय या जेलवर फायब्रोब्लास्टसारख्या (संयोजी ऊतीतील) इतर पेशीही अशाच जोडल्या जातात. त्यामुळे केवळ जाळी विरळ झाली म्हणून संयुग रक्तवाहिनीरोधक ठरवणे मला घाईचे वाटते. ते पेशींना निव्वळ विषारी तर नाही ना, हे वेगळे तपासायलाच हवे.

कोंबडीच्या फलित अंड्यातील भ्रूणपटलाची (भ्रूणाभोवतीच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पातळ पडद्याची) चाचणी स्वस्त आहे आणि तिच्यात रक्ताभिसरण चालू असलेली खरीखुरी वाहिनी डोळ्यांसमोर असते. उबवणीच्या तिसऱ्या दिवशी सुईने थोडा पांढरा बलक काढून घेतला, की पटल कवचापासून खाली सुटते; मग कवचाला खिडकी पाडून ती चिकटपट्टीने बंद करतात आणि साधारण आठव्या दिवशी नमुन्याची चकती पटलावर ठेवतात. दोन-चार दिवसांनी चकतीकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या धावणाऱ्या बारीक वाहिन्या दिसल्या, तर तो वाढीचा संकेत मानतात. खिडकी पाडतानाच सर्वाधिक काळजी घ्यावी लागते, कारण कवचाची पूड पटलावर पडली तर तिथे दाह होऊन वाहिन्या वाढतात आणि त्याचे श्रेय विनाकारण नमुन्याला मिळते. पटल आक्रसल्यानेही जुन्या वाहिन्या चकतीभोवती गोळा झाल्यासारख्या दिसतात. म्हणून तुलनेसाठी, नमुना न घातलेल्या नुसत्या द्रावकाच्या चकत्या अनिवार्य समजाव्यात आणि मोजणी अशा सहकाऱ्याकडून करून घ्यावी, ज्याला कोणत्या अंड्यात काय ठेवले आहे याची कल्पना नाही.

महाधमनीच्या कडीच्या चाचणीत उंदराच्या महाधमनीचे सुमारे १ मिलिमीटर रुंदीचे तुकडे कोलॅजेनमध्ये रोवतात आणि त्यांतून फुटणारे अंकुर आठवडाभर मोजतात. इथे वाहिनीभोवतीच्या आधारपेशीही सोबत असल्याने चित्र शरीराच्या अधिक जवळ जाते. त्यासाठी प्राण्यांविषयीच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी मात्र लागते, आणि प्राण्यागणिक फरकही मोठा पडतो.

नमुने पुष्कळ असतील तर नलिकाचाचणीने चाळणी लावावी आणि उरलेले अंड्यावर पडताळावेत. अंड्यांसाठी निधी असूनही केवळ जाळीच्या छायाचित्रांवर थांबू नये. संयुगाचा परिणाम आधारपेशींमार्फत होत असल्याची शंका असेल, तर कडीच्या चाचणीसाठी मंजुरीचा अर्ज सुरुवातीलाच करावा.