कसबा की सदाशिव?

जुनं पुणं बघायला एकच सकाळ हाताशी असेल तर मी कसबा पेठेत जाईन. पेठांमध्ये सगळ्यांत जुनी हीच. लाल महाल, कसबा गणपती म्हणजे जिजाऊ आणि बालशिवाजींचं पुणं. तांबट आळीत आजही ठोक्यांचा आवाज येतो. हंड्यावर हातोडीने ठोकायचं मठारकाम चालू असतं, प्रत्येक ठोक्याचा गोल ठसा शेजारच्याला चिकटून बसतो. कुंभार, तांबट अशी कसबी माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या दाटीने राहिली. नदी जवळ, म्हणून १९६१च्या पानशेत पुरात वस्तीने फार सोसलं.

सदाशिव पेठ पेशवाईतली, पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची. कात्रजचं पाणी नळाने हौदांत आलं आणि वस्ती वाढली. पुढे शाळा, क्लास, खानावळी आल्या. आज गर्दी आहे ती कॉटबेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन राहणाऱ्या, स्पर्धा परीक्षेच्या पोरांची.

वाडे दोन्हीकडे पडताहेत, जुनी कुटुंबं कोथरूड उपनगरात गेली. पण सदाशिवात रिकाम्या खोलीत नवा विद्यार्थी येतो. तांबट आळीत उठलेला कारागीर परत येत नाही. म्हणून आधी कसबा.