सिंगापूरला एमबीएचं एक्स्चेंज सेमिस्टर: लातूरकडच्या पोरांसाठी रिव्ह्यू

लातूरचे लई जण विचारायलेत म्हणून लिहितो. सिंगापूर मॅनेजमेंट युनिव्हर्सिटीत एक्स्चेंजवर, म्हणजे आपल्या कॉलेजकडून तिकडं जाऊन, एक सेमिस्टर केलं, फी आपल्याच कॉलेजला भरायची, तिकडची ट्युशन फी नाही, पण राहणं-खाणं स्वतःच्या खिशातून आणि रूमचं भाडं खरंच जड जातं, तर निवड झाली की आधी रूमच बघा. स्टुडंट पासचा, म्हणजे तिथं शिकायला राहायच्या परवान्याचा, अर्ज ऑनलाइन होतो.

शिकवणं मात्र एक नंबर! छोटा वर्ग, समोरासमोर चर्चा, आणि वर्गात बोलण्याला मार्क असतात, म्हणजे गप्प बसून नोट्स उतरवणाऱ्याचं काम नाही, आपल्याकडच्या हुशार पोरांना हेच अवघड जातं आणि वाईट वाटतं बघून, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी हात वर करा, कोणी हसत नाही.

कॅम्पस शहराच्या मधोमध, ब्रास बासा एमआरटी म्हणजे तिथल्या मेट्रो स्टेशनला लागूनच. जेवायला लिटल इंडियातलं टेक्का सेंटर, डोसा-बिर्याणी सगळं मिळतं, भाकरीची आठवण येतेच पण. काळा मसाला घरून न्या. आणि गुटखा, तंबाखूची पुडी चुकूनही बॅगेत नको, तिथं बंदी आहे, दंड लई मोठाय.