स्ट्रीटकम्प्लीट: चालता चालता नकाशा भरणारं अ‍ॅप

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून स्वयंसेवकांनी उभा केलेला मुक्त नकाशा. त्यात भर घालायला अँड्रॉइडवरचं मोफत, ओपन सोर्स स्ट्रीटकम्प्लीट हे नवख्यांसाठी सर्वात सोयीचं साधन आहे.

आधी नकाशाच्या साइटवर खातं काढून अ‍ॅपमध्ये लॉगिन करा. घरच्या वायफायवर आपला भाग, म्हणजे कोल्हापुरात गंगावेस ते रंकाळा एवढा, उतरवून ठेवा, मग नेट नसलं तरी काम अडत नाही. पिनवर टॅप केलं की प्रश्न येतो: रस्ता डांबरी की काँक्रीटचा, इमारत किती मजली, दुकान कधी उघडं? दुपारी बंद राहणाऱ्या दुकानाला सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेगळ्या वेळा टाका. एकच सलग वेळ दिलीत तर नकाशा बघून येणाऱ्याला दुपारी बंद शटर दिसणार.

महाद्वार रोडलगतच्या अरुंद बोळांत जीपीएस हमखास सरकतो. निळ्या ठिपक्यावर विसंबू नका, शेजारची पाटी वाचून खात्री करा. शंका असेल तर उत्तर न देता टीप सोडा. फोटो जोडलात तर फारच उत्तम, फक्त त्यात कुणाचे चेहरे नकोत. चुकलंच तर अनडू आहे.

मराठी नावांसाठी मात्र हे अ‍ॅप अपुरं पडतं. इंग्रजी नाव आधीच असेल तर बऱ्याचदा आयडी एडिटरमध्ये, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपच्या ब्राउझरमधल्या संपादकात जाऊन मराठी नाव वेगळं जोडावं लागतं. गूगल मॅप्सवरून नावं उचलू नका. परवान्यात बसत नाही, अशा नोंदी काढून टाकल्या जातात.