चुंबक त्याचं, टेपही त्याचीच

सिंकखालच्या ट्रॉलीचं दार ऑगस्टात फुगलं. आधी वाटलं, पावसाळा आहे, लाकूड फुगायचंच. सासूबाईंच्या माहेरच्या वाड्याची दारं म्हणे चार-चार महिने लागायची नाहीत. पण ती दारं सागवानी होती आणि दिवाळीला पुन्हा मुकाट्याने लागायची. आमचं दार खालच्या कडेने चहात बुडवलेल्या पावासारखं फुललं होतं. कडेची पट्टी सुटून लोंबत होती, म्हणून चमच्याच्या दांड्याने जरा टोकरलं, तर फरशीवर बारीक भुशाची रांगोळी. प्लायचा एक पदर दिसेल तर शपथ. नुसता डिंकात दाबलेला भुसा.

आम्ही पैसे मरीन प्लायचे, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडचे, मोजले होते.

पुण्यात धायरीला आमचा जुना फ्लॅट आहे. माणसं पाच, स्वयंपाकघर नऊ बाय सात. बिल्डरने दिलेला एल आकाराचा ग्रॅनाइटचा ओटा, खाली कडाप्प्याच्या फळ्या, आणि भिंतीवर आईंची, म्हणजे सासूबाईंची, स्टीलची मांडणी. डबे फळीवर एकामागे एक. मागचा डबा हवा तर पुढचे चार खाली उतरवा. साबुदाणा आमच्याकडे कायम दोनदा आणला जायचा, कारण पहिला उपास संपल्यावर सापडायचा. ट्रॉल्या करायच्या हे तीन वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं. शेवटी भिशी लागली, थोडा बोनस आला आणि एक लाखाच्या आत बसवायचं ठरलं.

2024 च्या दसऱ्याआधी सोसायटीच्या गेटपाशी एका दुकानाचा स्टॉल लागला. 'दसऱ्याच्या मुहूर्तावर बुकिंग, चिमणी फ्री.' दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. टेबलावर एक चकचकीत बास्केट, प्लायचा एक तुकडा आणि एक लोहचुंबक. माणूस गोड बोलणारा. त्याने मला विचारलं, "ताई, 304 आणि 202 मधला फरक माहीत आहे का?" मी नाही म्हटलं. स्टीलचे प्रकार, म्हणाला. त्याने चुंबक माझ्याच हातात दिलं. आधी एका तवा-टाईप पत्र्याला लावायला सांगितलं, टपकन चिकटलं. मग बास्केटला लावायला सांगितलं, चिकटलं नाही. "बघा. चिकटत नाही म्हणजे 304. आयुष्यभर गंज नाही." माझ्या हाताने झालेली परीक्षा, मी कशाला शंका घेऊ?

आता वर्षभराने कळलं ते सांगते. 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही. दोन्ही स्टेनलेस स्टीलच, दोन्हींची आतली घडण त्याच जातीची. फरक निकेलचा आहे. 304 मध्ये साधारण 8 टक्के निकेल असतं, 202 मध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि ती कसर मँगनीज घालून भरून काढलेली असते. म्हणून 202 स्वस्त, आणि मीठ-ओल सतत लागली की त्यावर डाग लवकर येतात. उलट अस्सल 304 ची तार वाकवली की त्या वाकलेल्या जागी चुंबक किंचित ओढलं जाऊ शकतं. म्हणजे त्या परीक्षेत हलका माल पास आणि चांगला माल नापास होऊ शकतो. हे त्याला नक्कीच माहीत असणार. परीक्षाच त्याने निवडली होती.

दोन दिवसांनी माप घ्यायला आला. भिंतीलगत एका बाजूने नऊ फूट, दुसऱ्या बाजूने सात. सोळा. उंची जमिनीपासून ग्रॅनाइटच्या वरच्या कडेपर्यंत, 2 फूट 9 इंच, "तीन धरू." सोळा गुणिले तीन, 48 चौरस फूट, 1,250 रुपये दराने 60,000. वरची कपाटं 27,000. माळ्याची दारं 8,000. एकूण 95,000. मी मान डोलावली. माझ्या शिलाई मशीनच्या खणात टेप होती, ती काढायचं सुचलं नाही.

ती टेप मी ऑगस्टात काढली. ओटा दोन फूट खोल आहे. कोपऱ्याचे दोन फूट त्याने नवातही धरले आणि सातातही. दारं बसली आहेत ती 30 इंच उंचीची, कारण वर दगडाची जाडी आणि खाली पाय जायला सोडलेली जागा. कोपरा एकदाच धरला तर 14 गुणिले अडीच, 35 चौरस फूट. तेरा फूट हवेत. 16,250 रुपये हवेचे. सिलेंडरच्या खणात ट्रॉली नाही, बास्केट नाही, नुसतं दार आहे, त्यालाही तोच दर लावलेला, ते सोडूनच द्या.

मी पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. जामीनदाराची सही इंग्रजीत एक आणि मराठीत एक असली तरी मी फाईल परत पाठवते. त्याच बाईने 95,000 चं काम एका कच्च्या कागदावर दिलं. कागदावर लिहिलं होतं: 'एसएस बास्केट, वॉटरप्रूफ बोर्ड, कंपनी चॅनेल.' या तीन शब्दांत काही म्हणजे काही लिहिलेलं नाही हे आता कळतं. 202 सुद्धा एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टीलच. वॉटरप्रूफ म्हणजे किती आणि कुठला बोर्ड, पत्ता नाही. आणि चॅनेल, म्हणजे ट्रॉली सरकते ती पट्टी, कुठल्या तरी कंपनीनेच बनवलेलं असणार, देवाने थोडंच बनवलंय. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "देतो की ताई, 18 टक्के जीएसटी पडेल, 17,100 वाढतील." आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि कच्च्यावर राजी झालो. यात आमचाही लोभ होता.

निम्मे 47,500 आगाऊ दिले. माल आल्यावर 38,000, तेही दुकानाच्या खात्यावर नाही, कारागिराच्या नंबरवर. "सेठचं खातं आज चालत नाहीये." दिवाळीनंतर काम सुरू झालं. स्टॉलवरचा गोड माणूस पुन्हा दिसलाच नाही, दोन नवीन पोरं आली. "ताई, खूप धूळ उडेल, काकूंना दम्याचा त्रास असेल तर दोन दिवस कुठे जाऊन या." आईंना दमा नाही. तरीही आम्ही नणंदेकडे गेलो. त्या दोन दिवसांत सगळे उभे-आडवे बोर्ड कापून बसवून झाले. परत आलो तेव्हा कापलेली एकही कड उघडी नव्हती, सगळीकडे पट्ट्या चिकटवलेल्या. आणि मांडणी नव्हती.

"ती जुनी होती ना ताई, भंगारात दिली, 600 आले, बिलातून वजा करतो." आई काही बोलल्या नाहीत. ती मांडणी त्यांच्या भावाने लग्नात दिली होती, जाड पत्र्याची, ताटांच्या खणाला बारीक कंगोरे असलेली. त्या नव्या पांढऱ्या दारांकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय." तेवढ्याने मला जास्त लागलं.

आठ महिने खरंच छान होतं, खोटं कशाला सांगू. साबुदाणा एकदाच आणला जाऊ लागला.

मग ते दार. दार सुटल्यावर मी बाकीचं उचकायला लागले. सिंकखालच्या बास्केटच्या जोडांवर तांबूस ठिपके होते. लोणच्याच्या बरणीखाली तर गोल वळंच उठलेलं. माझा मावसभाऊ भोसरीला फॅब्रिकेशनमध्ये आहे, तो रविवारी स्टील तपासायच्या द्रावाची एक छोटी बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेऊन आला. बास्केटच्या तारेवर थेंब टाकला, बॅटरी टेकवली. थेंब काही सेकंदांत लाल झाला. मग त्याने आमच्या जुन्या पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर थेंब टाकला, तो लाल झाला नाही. "ताई, मँगनीजवाला माल आहे. 202, नाहीतर त्याच्याही खालचा." त्याने दाराचा एक बिजागरीचा स्क्रू काढला आणि मला मोबाईलचा दिवा धरायला सांगितला. बिजागरीची वाटी बसवायला दाराला 35 मिलिमीटरचं गोल भोक पाडलेलं असतं. प्लाय असेल तर त्या भोकाच्या कडेला पदर दिसतात, उभा-आडवा, उभा-आडवा. आमच्याकडे ओट्स दिसले. सगळ्या दारांना तेच. फक्त एका दाराला पदर होते, जे त्या पोरांनी आमच्या समोर बसवलं होतं.

दुकानात गेलो. गोड माणूस 'सोडून गेला' होता. मालक म्हणाला, "ताई, तुमच्या घरात पाणी सांडतं त्याला आम्ही काय करणार?" 304 चं विचारलं तर कागद माझ्यापुढे सरकवला. "यात 304 कुठे लिहिलंय, दाखवा." नाही लिहिलेलं. मरीन प्लायही नाही लिहिलेलं. आणि कारागिराला दिलेले 38,000 "तो तुमचा त्याच्याशी खाजगी व्यवहार."

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, तक्रार नोंदवून घेतली. दुकानाचं उत्तर आलं की ग्राहकाकडे बिल नाही. तेव्हा यूपीआयच्या दोन्ही नोंदी, तो कच्चा कागद, स्टॉलवर नवऱ्याने काढलेला फोटो (त्यात मागच्या फलकावर '304 गॅरंटी' स्पष्ट वाचता येतं, हे नशीब) असं सगळं जोडून ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून "बघू, करू" म्हणत बसू नका. राहिलेले 9,500 मी दिलेले नाहीत. कारागीर अजून अधूनमधून त्यांच्यासाठी फोन करतो, हेही एक नवलच.

ट्रॉल्या करणार असाल तर भाव ठरवण्याआधी एकदा भवानी पेठेत टिंबर मार्केटला चक्कर मारा, विकत काही घ्यायचं नसलं तरी. तिथल्या एका प्लायवाल्याने मला पेनाने पुठ्ठ्यावर पाच मिनिटांत हिशेब मांडून दाखवलं की 1,250 च्या दरात मरीन प्लाय आणि 304 बसतच नाही. मरीन प्लायवर आयएस 710 हा मानकाचा नंबर छापलेला असतो, आयएसआयच्या खुणेसोबत परवान्याचा नंबर असतो, आणि तो परवान्याचा नंबर बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून कंपनी तपासता येते. बोर्ड अख्खा घरी येऊ द्या आणि तुमच्या समोर कापू द्या. धूळ उडू दे. कागदावर '304' आणि 'आयएस 710' हे आकडे लिहून घ्या, माप कुठून कुठपर्यंत धरलं तेही. थेंबाची बाटली ऑनलाइन मिळते, फार महाग नाही. ती आपली असावी, दुकानदाराची नको.

आमच्याकडे आता दुसऱ्यांदा लाख घालायचे नाहीत. सिंकखालची दोन दारं काढून तो खण उघडाच ठेवलाय, वारा लागतो, ओल धरत नाही. खालच्या बोर्डाच्या जागी जुना कडाप्पा परत बसवला, तो सुदैवाने गच्चीवर पडून होता. बास्केटी तशाच आहेत, डाग पडले तरी वजन पेलतात. मीठ आणि लोणचं मात्र त्यांतून बाहेर काढलं. बोहरी आळीतून एकाच मापाचे डबे आणले, त्यांच्या झाकणांवर आईंनी मार्करने नावं घातली. 'साबुदाणा' दोन डब्यांवर आहे, का ते विचारलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी नवरा जुन्या बाजारातून मांडणी घेऊन आला. रिक्षात मावेना, म्हणून टेम्पोचे वेगळे पैसे. आईंनी ती आडवी करून घेतली, पाठीमागून हात फिरवला, ताटांच्या खणाचे कंगोरे एकेक मोजले. मी बाटली आणि बॅटरी घेऊन आले. त्यांनी हातानेच बाजूला सारलं.

"दोन हुक गेलेत हिचे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तेवढे कमी करून घ्यायचे होतेस."