काळी माती, हिरवं प्लास्टिक आणि माझे १,०२,३०० रुपये

अंगणात कृत्रिम गवत बसवून घेताना मी फसले, त्याचा आकडा आधीच सांगून टाकते: एक लाख दोन हजार तीनशे. 'एवढं काय मनावर घ्यायचं' म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

आमचं रो-हाऊस नाशिकच्या काळ्या मातीत आहे. मागचं अंगण ३१ बाय २० फूट, म्हणजे ६२० चौरस फूट. ज्यांच्या नशिबी ही माती आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये बोट आत जाईल एवढ्या भेगा आणि जुलैमध्ये चप्पल रुतते. एकदा भिजून फुगली की खाली थेंब जाऊ देत नाही. शेजाऱ्यांच्या गच्चीचा पाइपही आमच्याच कुंपणाशी सुटतो, पण त्यांच्याशी आता बोलणंच बंद आहे.

कृत्रिम गवतवाला ओळखीतून आला. 'ताई, गवत म्हणजे नुसता वरचा थाट, खरं काम खालच्या बेसचं,' म्हणाला. हे शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवला. कागदावर लिहून दिलं: सहा इंच माती काढायची, जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड) अंथरायचं, त्यावर चार इंच खडी, खडीत भोकांचा चार इंची पाइप उतारानं बाहेरच्या गटारापर्यंत, वर दोन इंच डस्ट, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, दाबून घ्यायची, मग ३५ मिलिमीटरचं गवत. गवताला चौरस फुटाला ७० रुपये, बेसला ९५. म्हणजे ४३,४०० अधिक ५८,९००. बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वर. 'राहू द्या' म्हटलं. तुम्ही काय म्हणाला असतात? ६०,००० यूपीआयनं गेले, ३०,००० रोख, १२,३०० काम संपल्यावर. रोख दिलेल्या पैशाची पावती नाही. तुम्ही मात्र घ्या, वहीच्या पानावर का होईना, पण सही घ्या.

आता ज्या गोष्टीनं अजून झोप उडते ती सांगते. ६२० चौरस फुटांवर चार इंच खडी म्हणजे साधारण २०६ घनफूट, दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दोन ब्रास खडी गुपचूप येत नाही. डंपर मागे घेताना बोंबलतो, खडी ओतली की अख्ख्या कॉलनीत धुरळा होतो. माझ्याकडे आला छोटा टेम्पो, त्यात डस्टच्या गोण्या. आणि सहा इंच खणायचं म्हणजे ३१० घनफूट, तीन ब्रासहून जास्त माती फाटकाबाहेर जायला हवी होती. एक घमेलंसुद्धा गेलं नाही! संध्याकाळी ऑफिसातून आले तर अंगण सपाट, वर डस्ट. मी विचारलंही, 'माती कुठे टाकली?' तर म्हणे, 'ताई, दाबून लेव्हल केली.' काळी माती दाबून लेव्हल! बँकेत मी लोकांच्या कर्जाच्या फायलींत खोट काढते, पण मला ब्रासचा हिशेब कोण शिकवणार होतं? शिवाय मी दिवसभर कामावर, घरात फक्त सासूबाई. त्या म्हणाल्या होत्या, 'अगं, चिखलावर सतरंजी टाकल्यानं चिखल जातो का?' त्यांचं ऐकलं नाही हे त्या आता रोज ऐकवतात.

शेवटच्या दिवशी त्यानं गटाराच्या कडेला बादलीभर पाणी ओतून दाखवलं. पाइपाच्या तोंडातून पाणी भळाभळा बाहेर. आम्ही खूश. १२,३०० तिथल्या तिथे दिले. बादली कोणी ओतायची आणि कुठे ओतायची हे तुम्ही ठरवा. गटारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ओता, तीही एक नाही, दहा ओता.

पहिल्या जोराच्या पावसात गवत गादीसारखं हलायला लागलं. पाय ठेवला की बाजूनं काळं पाणी उसळायचं. वासाचं तर विचारूच नका. शेवटी शिवणीतून कोपरा उचकटला. खाली इंचभर डस्टचा राडा, आणि त्याखाली जिओटेक्स्टाइलच्या जागी काळं पॉलिथिन! ज्यातून पाणी झिरपायला हवं तिथेच प्लास्टिक. जिओटेक्स्टाइल नमद्यासारखं असतं, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं तर आरपार जातं. अंथरण्याआधी ओतून बघा, एवढंच करायचं असतं. मग पाइप ओढला तर सहज हातात आला. सहा फुटांचा तुकडा, आतल्या तोंडात गोणपाटाचा बोळा. बादली बरोबर त्याच सहा फुटांवर ओतली होती.

फोन केला तर म्हणे दहा वर्षांची वॉरंटी आहे. ती गवताचा रंग उडण्याची. निचऱ्याची वॉरंटी त्यात नाहीच, कार्डावरची बारीक अक्षरं वाचा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: 'गवत टाकलंय ना? मग फसवणूक कसली?' दुसरा: 'बिल कुठाय?' तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, 'हे ४२० मध्ये बसत नाही, दिवाणी मामला आहे.' अहो, ४२० आता आहेच कुठे? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, हे मी त्यांना सांगायचं? अर्ज घेतला, पोच द्यायला खळखळ. कंत्राटदाराला फोन लावून मलाच सांगितलं की 'मॅडम, तो म्हणतो तुम्हीच पैसे थकवलेत.' यूपीआयचा पुरावा समोर धरला तर 'चहा घ्या.' पोच शिक्क्यासह घेतल्याशिवाय उठू नका, आणि गुन्हा नोंदवत नसतील तर वरिष्ठांना लेखी पाठवा.

वॉर्ड ऑफिसात गेले, निदान गटाराची पातळी तरी तपासून द्या म्हणून. खासगी जागेतल्या पाण्याशी आमचा संबंध नाही, असं उत्तर. ठीक. मग आठवड्याच्या आत त्याच ऑफिसची डासांची नोटीस मला, साचलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या म्हणून! तेव्हा बरा संबंध आला. ज्यानं पाणी कोंडलं तो मोकळा, आणि दंडाची धमकी मला. माणूस आला, टॉर्च मारली, फोटो काढला, दारावर कागद चिकटवून गेला.

उरला जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, ऑनलाइनही होते. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लिहिलाय, तपासणी लागली तर पाच. हे वाचून दाखवलं तेव्हा वकील हसले. त्यांची फी २५,०००. सिव्हिल इंजिनिअरचा अहवाल ४,५००. त्यानं पाणी भरलेल्या नळीनं पातळी मोजून दहा मिनिटांत दाखवलं की उतार गटाराकडे नाहीच, घराकडे आहे. वीस फुटांत अडीच इंच तरी उतार हवा होता. तेव्हा नळी लावायला गवंडी बोलावला असता तर... जाऊ दे. उकरण्याआधी फोटो काढा, तारखेसकट. माझे निम्मे फोटो उकरल्यानंतरचे आहेत, त्यावरून वकील कुरकुरतात.

आणि तो? त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसला अजून माझं अंगण आहे, पावसाआधीचं, खाली 'काळ्या मातीत १००% निचरा'. डाव्या कोपऱ्यात तुळशीवृंदावन आणि निळा झोपाळा दिसला तर ते माझं. कोणी तो फोटो दाखवून कोटेशन दिलं तर त्याला म्हणा, हेच अंगण जुलैत दाखव.